कुंडीची माती घरीच कालवा

फेब्रुवारीत टोमॅटो-मिरची लावणार असाल तर मातीची तयारी आताच करा. नुसती काळी माती कुंडीत भरू नका. ओली झाली की चिकट, वाळली की भेगाळलेली. मुळांना हवाच मिळत नाही. लाल माती, भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि जुनं शेणखत समान भाग घ्या. बारा इंची कुंडीला मूठभर निंबोळी पेंड पुरते.

कोकोपीटच्या बाबतीत घाई नको. त्याची दाबून केलेली वीट बादलीत भिजवा, फुगली की पिळून ते पाणी फेकून द्या आणि पुन्हा दोनदा धुवा. त्यात क्षार राहिले तर कोवळ्या रोपांच्या पानांच्या कडा करपतात. शेणखताचा वास घेऊन बघा. शेणाचा वास आला किंवा आत हात घातल्यावर गरम लागलं तर ते अजून कुजायचंय, बाजूला ठेवा. चांगलं खत काळपट, भुसभुशीत असतं.

सगळं कालवून थोडं पाणी शिंपडा आणि मूठ वळा. लाडू वळला पाहिजे, पण बोटाने टोचताच फुटलाही पाहिजे. फुटला नाही तर थोडं कोकोपीट वाढवा. कुंडी वरून दीड-दोन इंच रिकामी सोडा. एप्रिलच्या उन्हात तिथे सुक्या पानांचं आच्छादन लागेलच.