कंबर दुखते, झोप नाही, आणि आई म्हणते मी काय खुळी आसंय?

प्रश्न: ताई, आम्ही देवगडचे. आईची कंबर चार वर्षं दुखतेय, रात्री दोनला उठून पडवीत बसते, सकाळी घावणे घालताना हात थरथरतो. डॉक्टरांनी काउन्सेलिंग सांगितलं तर चिडली, 'मी काय खुळी आसंय?'

उत्तर: आईला आधी सांगा की दुखणं खरंच आहे, कोणी खोटं म्हणत नाहीये. पण झोप मोडली की तेच दुखणं दुसऱ्या दिवशी जास्त बोचतं, मग संध्याकाळपासूनच धास्ती, आज तरी लागेल का डोळा. यावर सीबीटी-आय नावाची थेरपी आहे, म्हणजे थेरपिस्टशी बोलून झोपेच्या सवयी आणि झोपेची धास्ती बदलायची, साधारण 6 ते 8 बैठका, आणि अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने 2016 मध्ये जुनाट निद्रानाशावर गोळीआधी हीच द्या असं सांगितलंय. झोप आली तरच अंथरुणावर जायचं, वीसेक मिनिटं तळमळ झाली की उठायचं (आई पडवीत बसते ते बरोबरच करते हो, फक्त तिथे मोबाईल नको, घड्याळ बघणं नको), आणि डोळा कधीही लागो, सकाळी उठायची वेळ एकच. अंथरुणातला वेळ कमी करायचा भाग मात्र थेरपिस्टशिवाय नको, सुरुवातीला दिवसा पेंग येते, तोल जाऊ शकतो. दुखणं पूर्ण जाईल असं मी म्हणणार नाही, झोप आणि धास्ती मात्र बऱ्याच जणांची सुधारते. चालू गोळ्या परस्पर बंद करू नका. थेरपिस्ट मिळेपर्यंत 14416 लावा, सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची लाईन, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. पहिला फोन तुम्ही करा, आईला शेजारी बसवून.