वेळ, वजन आणि मिलिक्युरी: न्यूक्लिअर मेडिसिनच्या भौतिकतज्ज्ञांची उत्तरं

आईला फुप्फुसाचा कर्करोग आहे. पहिल्या पेट स्कॅनमध्ये गाठीची एसयूव्ही (टोचलेलं औषध गाठीने किती ओढून घेतलं त्याचा आकडा) ८.२ होती. केमोनंतर दुसऱ्या सेंटरमध्ये ६.९ आली. गाठ बरी होतेय असं समजायचं का? (पुण्याहून)

एवढ्यावरून नाही. फरक १६ टक्क्यांचा आहे, आणि सेंटर बदललं की गाठ जशीच्या तशी असूनही इतका फरक पडू शकतो.

एसयूव्ही हा भागाकार आहे. गाठीच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये किती किरणोत्सार आहे ते कॅमेरा मोजतो. त्याला 'टोचलेला डोस भागिले वजन' या आकड्याने भागतात. खालचे दोन आकडे माणसाने भरलेले असतात आणि गडबड तिथेच होते. केमोत वजन ५६ किलोवर आलेलं असतं, पण फॉर्मवर आई जुनंच ६२ सांगते. झाली एसयूव्ही जवळजवळ ११ टक्क्यांनी जास्त! म्हणून वजन विचारायचं नसतं, काट्यावर उभं करून घ्यायचं असतं.

डोसचंही तसंच. सिरिंजमध्ये १० मिलिक्युरी (हे किरणोत्सार मोजायचं एकक) भरले, टोचल्यावर ०.६ सिरिंजमध्येच राहिले. रिकामी सिरिंज पुन्हा मोजून ते वजा केले नाहीत, तर एसयूव्ही ६ टक्क्यांनी कमी दिसते. घड्याळ तर सगळ्यांत फसवं. पेटच्या औषधातलं किरणोत्सारी फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं. हॉट लॅबचं (डोस मोजून भरतात त्या खोलीचं) घड्याळ स्कॅनरच्या घड्याळापेक्षा १० मिनिटं मागे असेल, तर प्रत्येक पेशंटची एसयूव्ही साडेसहा टक्क्यांनी जास्त येते आणि दिवसभर कुणाच्या लक्षातही येत नाही. त्यातच एकीकडे इंजेक्शननंतर ६० मिनिटांनी आणि दुसरीकडे ९० मिनिटांनी स्कॅन झाला असेल, साखर वाढलेली असेल किंवा औषध शिरेबाहेर गेलं असेल, तर तुलनाच बिघडते.

दोन्ही रिपोर्टमध्ये यकृताची एसयूव्ही बघा. यकृत गाठीसारखं बदलत नाही. तेही त्याच प्रमाणात उतरलं असेल, तर संशय मोजमापावर घ्यावा. उपचाराचा प्रतिसाद मोजायच्या पर्सिस्ट निकषांतही निदान ३० टक्के घट धरतात, तीही कमाल एसयूव्हीवर नाही. दोन्ही सीडी डॉक्टरांना द्या आणि पुढचा स्कॅन शक्यतो त्याच मशीनवर, इंजेक्शननंतर तितक्याच मिनिटांनी करून घ्या.

मी न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजिस्ट आहे. सकाळच्या तपासणीत डोस कॅलिब्रेटरवर (डोस मोजायच्या मशीनवर) तपासणीच्या सिझियम सोर्सचं रीडिंग ९ टक्के जास्त आलं. मशीन गेलं का? (नागपूरहून)

बहुतेक वेळा मशीन ठीक असतं. सोर्स बाहेर काढा आणि नुसती बॅकग्राउंड, म्हणजे आत काही नसतानाचं रीडिंग, बघा. ती वाढलेली असेल तर आतला प्लॅस्टिकचा लायनर आणि डिपर (सोर्स आत सोडायची दांडी) काढून पुन्हा बघा. आता उतरली? मग कालच्या औषधाचा थेंब लायनरवर आहे. तो पिशवीत घालून तारीख टाका आणि शिशाच्या डब्यात ठेवा. फ्लोरिन असेल तर २० तासांत, म्हणजे अकरा अर्धायुष्यांत (किरणोत्सार अकरा वेळा निम्मा होऊन), तो साफ होतो. लायनर काढूनही बॅकग्राउंड उतरली नाही, तर शेजारी उघडी कुपी किंवा जनरेटर (गॅमा कॅमेऱ्याच्या तपासणीचं टेक्नेशियम ज्यातून काढतात ते उपकरण) आहे का ते बघा. बॅकग्राउंड ठीक असेल, तर आयसोटोपचं बटण सिझियमवरच आहे ना आणि डिपर तळापर्यंत बसलाय ना, ते तपासा.

रीडिंग दरवर्षी थोडंथोडं कमी येत असेल, तर दोष अपेक्षित आकड्याचा असतो. सिझियम-१३७ वर्षाला २.३ टक्क्यांनी घटतं. तीन वर्षांपूर्वीचाच आकडा भिंतीवर चिकटवलेला असेल, तर चांगलं मशीनही ७ टक्के कमी दाखवणार.

हे सगळं करूनही ५ टक्क्यांपलीकडे फरक राहिला, तर त्या मशीनवर पेशंटचा डोस मोजू नका. आणि आकडा जुळावा म्हणून कॅलिब्रेशन फॅक्टर फिरवू तर मुळीच नका. सिझियम जुळेल, बाकी सगळे डोस चुकतील.

पेट विभागात लेड एप्रन न घालता काम करतात. हा निष्काळजीपणा नाही का? (नाशिकहून, एक नर्स)

नाही. ०.५ मिमीचा एप्रन टेक्नेशियमचे १४० केईव्हीचे (केईव्ही हे किरणांच्या ऊर्जेचं एकक) किरण ७० टक्क्यांच्या आसपास अडवतो. पेटच्या ५११ केईव्हीला तो जेमतेम ८ टक्के अडवतो, वर त्याच्या वजनाने हात मंदावतात. कॅन्युला आधी लावून ठेवा, सगळी माहिती डोस खोलीत येण्यापूर्वीच सांगून टाका, सिरिंजला टंगस्टनचं शील्ड लावा आणि टोचून झाल्यावर लांब व्हा. १० मिलिक्युरी टोचलेल्या पेशंटपासून एक मीटरवर सुरुवातीला तासाला सुमारे ३४ मायक्रोसिव्हर्ट (शरीराला बसणाऱ्या किरणोत्साराचं एकक) असतात, दोन मीटरवर त्याचा चौथा हिस्सा.

थायरॉइडच्या कर्करोगासाठी आयोडीन-१३१ घेऊन मिस्टर उद्या घरी येतायत. घरात दोन वर्षांची मुलगी आहे. तिला आजोळी पाठवू का? (सोलापूरहून)

पाठवता येत असेल तर पहिला आठवडा जरूर पाठवा, कारण दोन वर्षांचं पोर बाबांपासून लांब राहत नाही. पण सोय नसेल तर घाबरून जाऊ नका.

घरी सोडण्याआधी भौतिकतज्ज्ञ एक मीटर अंतरावरून किरणोत्सार मोजायचं यंत्र धरतात. रीडिंग तासाला ५० मायक्रोसिव्हर्टच्या आत आलं तरच सुट्टी मिळते. सर्वसामान्य माणसासाठी वर्षाची मर्यादा १००० मायक्रोसिव्हर्ट आहे. म्हणजे एक मीटरवर सलग २० तास बसल्यावर जेवढं होईल तेवढं. दोन मीटरवर तेच ८० तास. मांडीवर घेतलं की अंतर उरतच नाही, म्हणून नियम मांडीचा आणि कुशीत झोपण्याचा आहे. दारातून बोलायला, हसायला काहीच हरकत नाही.

थायरॉइड काढलेल्या पेशंटमध्ये आयोडीनचा बराचसा भाग पहिल्या दोन दिवसांत लघवीवाटे जातो. पाणी भरपूर प्यावं, लघवी बसून करावी, फ्लश दोनदा करावा. घाम आणि लाळेतूनही थोडं येतं, म्हणून ताट-वाटी, टॉवेल, अंथरूण वेगळं ठेवा आणि कपडे वेगळे धुवा. किती दिवस, ते डिस्चार्जच्या कागदावर रीडिंगनुसार लिहिलेलं असतं. शेजारणीला सात दिवस सांगितले म्हणून आपल्यालाही सात, असं धरू नका. बाळाचा विचार पुरुषांना सहसा चार महिने आणि स्त्रियांना सहा महिने पुढे ढकलायला सांगतात.

एम.एससी. फिजिक्स झालंय. या क्षेत्रात कसं यावं? (कोल्हापूरहून)

नुसत्या एम.एससी.वर हॉट लॅबची जबाबदारी मिळत नाही. बीएआरसीचा (भाभा अणु संशोधन केंद्राचा) रेडिओलॉजिकल फिजिक्सचा एक वर्षाचा डिप्लोमा भौतिकशास्त्रात एम.एससी. झालेल्यांसाठी आहे. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरचा डीएमआरआयटी (डिप्लोमा इन मेडिकल रेडिओआयसोटोप टेक्निक्स) खास न्यूक्लिअर मेडिसिनसाठी आहे. रेडिएशन सेफ्टी ऑफिसर म्हणून काम करायला एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) मान्यता लागते, म्हणून फी भरण्याआधी त्या कोर्सचं नाव एईआरबीच्या पात्रतेत बसतं का ते बघा.

कामाची सुरुवात पहाटे होते. पेशंट येण्याआधी कॅलिब्रेटर, गॅमा कॅमेऱ्याचा फ्लड (कॅमेरा सगळीकडे सारखं मोजतो का ती चाचणी) आणि पेटची तपासणी उरकलेली असावी लागते. जनरेटर असेल, तर टेक्नेशियमच्या प्रत्येक मिलिक्युरीमागे त्यात उतरलेलं मोलिब्डेनम (ज्यापासून टेक्नेशियम बनतं ते) ०.१५ मायक्रोक्युरीच्या आत आहे ना, ते बघायचं. न्यूरोएंडोक्राइन गाठींवरच्या किरणोत्सारी ल्युटेशियमच्या उपचारात २०० मिलिक्युरीचा डोस लावण्याआधी किडनी वाचवणारं अमिनो आम्लांचं सलाइन सुरू झालंय का, याचीही खात्री आपणच करायची. दुपारी कचऱ्याच्या पिशव्यांवर आयसोटोप आणि तारीख टाकायची. दहा अर्धायुष्यांनी किरणोत्सार हजारपटीने उतरतो, मग मीटर लावून रीडिंग बॅकग्राउंडला आलं की पिशवी बाहेर. ल्युटेशियमची पिशवी मात्र नुसती तारीख बघून टाकू नका. रिॲक्टरमध्ये थेट बनवलेल्या ल्युटेशियम-१७७ सोबत १६० दिवस अर्धायुष्याचं ल्युटेशियम-१७७एम थोडंसं येतं, आणि मीटर महिनोन्‌महिने बोलत राहतं.