नळाचं पाणी ‘पिण्यास योग्य’ आलं, तर मुलांच्या पोषणाच्या अभ्यासातून पाणी वगळावं का?

तुमचा प्रश्न असा आहे: सोलापुरातल्या एका वस्तीत घरातलं पिण्याचं पाणी आणि पाच वर्षांखालच्या मुलांचं पोषण यावर प्रबंध करताय. नळाच्या पाण्याचा अहवाल ‘पिण्यास योग्य’ आला. मार्गदर्शक म्हणतात, आता पाणी सोडा, नुसत्या आहारावर लिहा. मग पाणी वगळावं का, आणि घरं किती घ्यावीत?

वगळू नका. नळाचा अहवाल नळापुरता खरा असतो, पण मूल काही नळाला तोंड लावून पाणी पीत नाही. ‘नळ शुद्ध, विषय संपला’ हे मी इतकी वर्षं ऐकत आले आहे की तुमचा प्रश्न वाचून लिहायला बसल्याशिवाय राहवलं नाही.

आपल्याकडे पाणी उजनी धरणाचं आणि काही दिवसांआड येणारं. ते सुटलं की घरात असेल नसेल ते भांडं भरून ठेवायचं. नळापासून मुलाच्या पेल्यापर्यंत तेच पाणी तीन-चार भांडी बदलतं आणि दोन-तीन दिवस मुरतं. पूर्व भागातल्या, घरी विड्या वळणाऱ्या एका कुटुंबातली नोंद सांगते. पाणी पहाटे सुटलं. नळाशी क्लोरोस्कोपवर, म्हणजे रंगावरून क्लोरीन मोजायच्या पेटीवर, लिटरला ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन. तिथल्या नमुन्याची एच-टू-एस बाटली (पाण्यात शीतले जंतू असले की ती काळी पडते) ४८ तासांनीही काळी पडली नाही. नळाला प्लॅस्टिकचा पाइप लावून पाणी २०० लिटरच्या निळ्या बॅरलमध्ये सोडलेलं. त्या पाइपचं तोंड एरवी मोरीत पडलेलं असतं. बॅरलमधून तांब्यानं स्टीलच्या हंड्यात, हंड्यावर ताटली, ताटलीवर पालथा पेला. संध्याकाळी बॅरलमध्ये क्लोरीन जेमतेम ०.२. दुसऱ्या दिवशी हंड्याच्या पाण्याला क्लोरोस्कोपमध्ये रंगच आला नाही, म्हणजे क्लोरीन उरलाच नव्हता. तिसऱ्या दिवशी दुपारी आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती, शेजारी भिजवलेल्या पानांचा ओला फडका, बोटं तंबाखूनं पिवळी. दीड वर्षाच्या मुलीनं पाणी मागितलं. आईनं बसल्या जागेवरून हंडा ओढला, पेला बुडवला तेव्हा तिची बोटं पेराच्या वरपर्यंत पाण्यात गेली. मुलगी दोन घोट प्यायली आणि उरलेलं पाणी परत हंड्यात. पुढच्या पेल्यातून घेतलेल्या नमुन्याची बाटली दुसऱ्या दिवशी सकाळी काळीकुट्ट होती.

ती बाई निष्काळजी नव्हती. हंडा असा घासलेला की त्यात तोंड दिसावं. पण मजुरी हजार विड्यांवर मिळते. दर पेल्यामागं उठून हात धुवायचे तर सूप बाजूला ठेवावं लागतं. घरात ओगराळं असतं, नाहीतर हंड्याला तोटी असती, तर बोटं पाण्यात गेलीच नसती. हे तुमच्या प्रश्नावलीत यायला हवं: भांड्याचं तोंड केवढं, झाकण आहे का, पाणी कशानं काढतात, आणि पाणी भरून किती तास झाले. ‘तुम्ही स्वच्छ पाणी पिता का?’ असं विचारलंत तर सगळी घरं ‘हो’ म्हणतील आणि तुमच्या हाती काहीच लागणार नाही. विचारण्यापेक्षा बघा. आई पाणी काढते ती एक कृती बघायला अर्धा मिनिट लागतं. घरात भरल्यानंतर पाणी बिघडतं ही काही एका घराची गोष्ट नाही. अनेक देशांतल्या अशा अभ्यासांचा एकत्रित आढावा २००४ साली निघाला, त्यातही बऱ्याच ठिकाणी हेच दिसलं.

आता नमुना कसा घ्यायचा. आईला म्हणा, ‘बाळाला प्यायला देता तसं पाणी द्या.’ ती ज्या पेल्यात देईल त्यातूनच निर्जंतुक बाटलीत ओतून घ्या. पेला धुवायला लावू नका, तुमचं भांडं पुढं करू नका. नळाचा नमुना घेताना तोटी पुसून पाणी एक-दोन मिनिटं सोडून देतात, ती शिस्त इथं लागू नाही. इथं घाणीसकटच मोजायचं आहे. बाटलीत सोडियम थायोसल्फेट हवंच: १२० मिलीच्या बाटलीत ३ टक्के द्रावणाचा ०.१ मिली, आणि मग ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेत बाटली निर्जंतुक करायची. हे विसरलं तर पाण्यातला उरलेला क्लोरीन बाटलीतही जंतू मारत राहतो आणि प्रयोगशाळेत पोचेपर्यंत घाण पाणी शुद्ध ठरतं. ‘सगळे नमुने चांगले आले’ असं कुणी सांगितलं की मी आधी थायोसल्फेटबद्दल विचारते. नमुने बर्फाच्या डब्यात ठेवा, पण गोठू देऊ नका. तपासणी सहा तासांत सुरू झालेली बरी, २४ तासांच्या पुढं मुळीच नको. मे महिन्यात सोलापुरात पारा ४२-४३ ला असताना दुचाकीच्या डिकीत बाटल्या घेऊन फिरलात तर तो नमुना त्या घराचा राहत नाही.

क्लोरीन त्याच जागी, त्याच क्षणी मोजा. क्लोरोस्कोपमधल्या ओटी (ऑर्थोटोलिडीन) द्रावणाचा पिवळा रंग लगेच वाचायचा. पाच मिनिटांनी वाचलात तर अमोनियाशी जोडलेला क्लोरीनही मोजला जातो आणि आकडा फुगतो. जमत असेल तर ओटी सोडून डीपीडी गोळी वापरा. तिचा गुलाबी रंगही मिनिटाच्या आत वाचायचा. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे मुक्त क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा आणि १०० मिली पाण्यात ई. कोलाय, म्हणजे शीतून येणारा जंतू, एकही नको.

एच-टू-एस बाटली स्वस्त आहे आणि घरच्यांना दाखवायला तिच्यासारखं साधन नाही, पण प्रबंध नुसता तिच्यावर उभा करू नका. ती फक्त हो की नाही सांगते, किती ते सांगत नाही. बोअरच्या पाण्यात मुळातच सल्फाइड असेल तर जंतू नसतानाही ती काळी पडते, आणि तीही लवकर. बाटल्या ३० ते ३७ अंशांत ठेवा. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत नकोत. खरं मोजमाप म्हणजे मेंब्रेन फिल्टरनं, म्हणजे पाणी बारीक चाळणीतून गाळून वर अडकलेले जंतू वाढवून, काढलेली ई. कोलायची संख्या. ती १०० मिलीत शून्य, १ ते १०, ११ ते १०० आणि १०० च्या वर अशा गटांत मांडा. रोज एक कोरी बाटली, म्हणजे निर्जंतुक पाणी वस्तीत उघडून भरलेली, आणि दर वीस नमुन्यांमागं एक दुबार नमुना. कोरी बाटली घाण निघाली तर त्या दिवसाचं सगळं बाद.

जारचं पाणी घेणारी घरं वेगळी नोंदवा. त्यांना ‘शुद्ध पाण्याच्या’ रकान्यात टाकू नका. आरओमधून गेलेल्या पाण्यात क्लोरीन उरत नाही, त्यामुळे जार नीट धुतला नसेल किंवा त्यात पेला बुडला तर जंतूंना अडवणारं काही नसतं.

सहा महिन्यांखालच्या बाळांचा तक्ता तर वेगळाच करा. ‘उन्हाळा आहे, बाळाचा घसा सुकतो’ म्हणून चमचाभर पाणी आपल्याकडे सर्रास दिलं जातं. अंगावर दूध पिणाऱ्या बाळाला सहा महिन्यांपर्यंत वरचं पाणी लागत नाही, सोलापूरच्या उन्हाळ्यातसुद्धा नाही. पण ‘फक्त आईचं दूध देता ना?’ असं विचारलं की उत्तर ‘हो’ येतं. कारण घुटी कुणी पाण्यात धरत नाही. सहाणेवर हळकुंड, मुरडशेंग, वेखंड उगाळायला पाणी लागतं, ते त्याच हंड्यातलं असतं. म्हणून एकेक नाव घेऊन विचारा: काल सकाळपासून पाणी? घुटी? मध? ग्राइप वॉटर? साखरपाणी?

जुलाबाचंही तेच. २४ तासांत तीन किंवा जास्त वेळा पातळ शी, आणि विचारायचं मागच्या सात दिवसांचं. त्याहून मागचं आईला नीट आठवत नाही. दात येताना झालेले जुलाब आई आजारात मोजत नाही, ते मुद्दाम विचारा. वस्तीत तेलुगू आणि कन्नड बोलणारी घरं असतील तर प्रत्येक भाषेतला घरगुती शब्द आधी चार-पाच आयांकडून काढून घ्या आणि प्रश्नावलीत तोच छापा.

पोषणाच्या बाजूला सगळ्यात जास्त माती होते ती उंची मोजताना. दोन वर्षांखाली आडवं झोपवून, वर उभं करून. उलट मोजलं गेलं तर ०.७ सेंमीची दुरुस्ती करावी लागते. मोजायला दोन माणसं लागतातच: एकानं डोकं फळीला टेकवून धरायचं, दुसऱ्यानं गुडघे दाबून तळपाय पाटीला लावायचे. वेणी, अंबाडा सोडा. वजनाआधी वाळे-पैंजण उतरवा. आकडा ०.१ सेंमीपर्यंत लिहा, आणि प्रत्येक मूल दोनदा मोजा. दोन आकड्यांत ०.७ सेंमीपेक्षा जास्त फरक आला तर पुन्हा मोजा. संध्याकाळी वही उघडून शेवटचे अंक बघा: निम्मे आकडे .० आणि .५ वर संपत असतील तर मोजणारा अंदाजानं लिहितोय. वय जन्मदाखल्यावरून किंवा माता-बाल कार्डावरून घ्या, ‘दीड-दोन वर्षांचा असेल’ चालत नाही. दंडघेर ११५ मिमीपेक्षा कमी म्हणजे सॅम (तीव्र कुपोषण), ११५ ते १२५ च्या आत मॅम (मध्यम कुपोषण). झेड स्कोअर, म्हणजे मूल त्याच्या वयाच्या सरासरीपासून किती दूर आहे तो आकडा, डब्ल्यूएचओच्या अँथ्रो या संगणक-प्रणालीत काढा.

उंचीवर एवढं अडून बसण्याचं कारण पाण्याशीच जोडलेलं आहे. पाणी, संडास, हात धुणं आणि आहार यांनी मुलांची उंची वाढते का, हे बघायला बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वेमध्ये मोठ्या चाचण्या झाल्या. निकाल २०१८ आणि २०१९ मध्ये आले. पाणी आणि स्वच्छतेच्या गटांत उंचीत फरक पडला नाही. आहाराच्या गटांत पडला तो ०.१३ ते ०.२५ झेड इतका. दोन वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हे अर्ध्या-पाऊण सेंमीच्या आसपास भरतं. तुमच्या मदतनिसानं एका गल्लीतली सगळी मुलं एकाच बाजूला १ सेंमीनं चुकीची मोजली तर साधारण ०.३ झेडची चूक होते. म्हणजे शोधायची गोष्ट चुकीपेक्षा लहान झाली.

याच चाचण्या दाखवून तुमचे मार्गदर्शक म्हणतील, ‘बघा, पाण्याचा संबंधच नाही.’ तसं त्या म्हणत नाहीत. बांगलादेशात जुलाब कमी झाले, उंची मात्र वाढली नाही. मुलाच्या पोटात जंतू फक्त पाण्यातून जात नाहीत. अंगणात कोंबड्या-शेळ्यांची घाण, रांगणाऱ्या मुलाचे हात, आणि सकाळी केलेली पेज दुपारपर्यंत तशीच ठेवून भरवणं, हेही आहे. उन्हाळ्यात त्या पेजेत पाण्यापेक्षा कितीतरी जास्त जंतू वाढू शकतात. पाण्याला थोडा क्लोरीन लावून हे सगळं थांबत नाही, आणि आतड्याला सतत सूज राहिली तर खाल्लेलं अंगी लागत नाही. यातून पुढं येतं ते पाणी आणखी बारकाईनं मोजण्याचं काम. जमल्यास पेजेचाही नमुना घ्या. आणि पाण्याचा दर्जा बघताना पाणी किती, तेही विचारा: माणशी रोज किती लिटर? पाणी मोजकं असलं की पहिली काटछाट हात धुण्यात होते.

घरं किती? मुलांची गणती म्हणाल तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, एनएफएचएस-५ (२०१९-२१) प्रमाणे महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं खुजी, म्हणजे वयाच्या मानानं उंचीला फार कमी, होती. ३५ टक्के धरून पाच टक्क्यांच्या अचूकतेला साधारण ३५० मुलं लागतात. गल्ली-गल्लीतून गट करून घेणार म्हणून दीडपट, ५२५. दहा टक्के घरं बंद किंवा नाही म्हणणारी धरून ५८० च्या पुढं. हे झालं खुजेपणाचं प्रमाण काढायला. पाणी आणि उंचीचा संबंध दाखवायला किती लागतील हे तुमच्या वस्तीत किती पेले घाण निघतात त्यावर ठरेल. आधी ३०-४० घरांत चाचणी घ्या आणि ते आकडे घेऊन संख्याशास्त्राच्या माणसाकडे जा. एवढी घरं जमणार नसतील तर मुलं कमी करा, पण प्रत्येक घरी पाणी आलं त्या दिवशी आणि पुढचं पाणी सुटायच्या आदल्या दिवशी असे दोन नमुने घ्या. हे काम आपल्या शहरासाठी जास्त उपयोगाचं आहे.

आधीच सांगायला हवं होतं: एकदाच जाऊन केलेल्या पाहणीतून ‘पाण्यामुळे मूल खुजं राहिलं’ असं लिहिता येणार नाही. ज्या घरात बॅरल उघडा आहे त्या घरात पैसाही कमी, आईला वेळही कमी. आईचं शिक्षण, घरातली माणसं, खोल्या, संडास, उत्पन्न हे सगळं सोबत घ्या. उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यात एकदा जा, जुलाबांचं चित्र बदलतं.

आणि नैतिक समितीच्या अर्जात हे आधीच लिहा: पाहणीत सॅम मूल सापडलं तर त्याच दिवशी अंगणवाडीताई आणि आरोग्य केंद्राला कळवणार, जुलाब असलेल्या मुलाला ओआरएस, आणि झिंक १४ दिवस, सहा महिन्यांवरच्याला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०. ज्या घरची बाटली काळी पडली ती बंदच ठेवून त्या घरी नेऊन दाखवा, नळाच्या पाण्याची रंग न बदललेली बाटली तिच्या शेजारी ठेवा, आणि जाताना एक लांब दांड्याचं ओगराळं देऊन या. बाटल्या परत आणल्यावर त्यात ब्लीचिंग घालून अर्धा तास ठेवा, मगच मोरीत ओता.