आधी माणसं बाहेर, मग वाद

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

दगडखाणीची कड धोक्याची आहे म्हणून तू मालकाला दिलेल्या अर्जाची नक्कल मिळाली. भाषा चांगली आहे. पण मला एवढंच सांग, तू तो लिहीत बसलास तेव्हा पोकलेन कुठे होता? त्या कडेखालीच ना? मग अर्ज कसले लिहितोस! आधी माणसं बाहेर, मग वाद.

बेंच, म्हणजे खाणीच्या उतारातली एकेक पायरी, 6 मीटरच्या वर न्यायचा नाही, कड खालून पोखरून लोंबती ठेवायची नाही, हे खाणींच्या 1961 च्या नियमांत आहे आणि तुला तोंडपाठ आहे. पण नवी मुंबईतल्या पारसिक डोंगराच्या बाजूचा काळा दगड फसवा. दोन थरांमध्ये कुठे कुठे लाल मातीचा पट्टा असतो, पाऊस सरला तरी तो पाझरत राहतो. ऊन पडलं की सगळे निर्धास्त होतात आणि वरचा दगड तेव्हाच सुटतो. पहारीने ठोकून बघ, बाजूला उभा राहून, खालून नाही. खणखणीत वाजला तर ठीक. बद्द आवाज आला की फोटो, मोजमाप, वरिष्ठांना फोन, सगळं नंतर. आधी माणसं बाहेर.

‘ही काय कोळशाची खाण आहे?’ असं मलाही ऐकवायचे. धनबादजवळ चासनाळ्याच्या कोळसाखाणीत 27 डिसेंबर 1975 ला जुन्या खोदकामातलं पाणी खाली घुसलं, 375 माणसं गेली. तिथे पाणी होतं, तुझ्याकडे दगड आहे. आणि सुरुंग लावणारी दगडखाण खाणींच्या कायद्यात येते, हे तुझ्या मालकालाही चांगलं ठाऊक आहे.

माझं म्हणशील तर ‘काम बंद पाडणारा’ म्हणून तुर्भे-शिरवण्यात नाव झालं. झालं तर झालं. बढती गेली त्याचं काही नाही, पण एका जिवलग ठेकेदाराने बोलणं टाकलं ते अजून सलतं. मी काम थांबवलं ती त्याची कड पुढे पडलीच नाही. म्हणून मी घाबरट, असं त्याचं गणित. असू दे. उद्या पुन्हा तशी कड दिसली तर पुन्हा थांबवीन.

आता कुणी न शिकवलेलं सांगतो. माणसं बाहेर काढलीस की पहिली शिवी डंपरवाल्याची खाशील, मालकाची नंतर. डंपरवाल्याचे पैसे खेपेवर असतात, त्याची चूल त्यावर पेटते. त्याला सुरक्षेचं व्याख्यान देऊ नकोस. काम थांबलेल्या वेळेची हजेरी मालकाकडून लेखी मंजूर करून घे. अर्जच लिहायचाय ना? मग हा लिही, आणि आज संध्याकाळच्या आत दे.