घरी बिअर करताना फर्मेंटेशनचं तापमान नक्की कसं मोजायचं?

तुम्ही लिहिलंय की डॅलसला गॅरेजमधल्या जुन्या फ्रिजमध्ये फर्मेंटर (बिअर आंबते ते भांडं) ठेवता, फ्रिजच्या आत लटकवलेला थर्मामीटर कायम २० डिग्री सेल्सिअस दाखवतो, तरी पेल एलला (फिकट रंगाची बिअर) पिकलेल्या फळासारखा वास येतो आणि घोट घशाशी गरम लागतो, तर जास्त अचूक थर्मामीटर कुठला घ्यावा. मी म्हणेन सध्या कुठलाच घेऊ नका. आहे तो तिथून काढा आणि फर्मेंटरला लावा. तो फ्रिजमधली हवा मोजतोय, आणि हवा २० असताना तुमची बिअर २४-२५ ला असू शकते.

यीस्ट साखर खातं तेव्हा उष्णता निघते. ओल्या गवताच्या गंजीत हात खुपसला की आत कसं गरम लागतं, तसंच. साधारण २० लिटरची बॅच जोरात असते त्या पहिल्या दोन-तीन दिवसांत आतली बिअर बाहेरच्या हवेपेक्षा ३ ते ५ डिग्री सेल्सिअसने सहज वर जाते, वॉर्ट (यीस्ट ज्यात टाकतात ते माल्टचं गोड पाणी) स्ट्राँग, म्हणजे जास्त साखरेचं असेल तर आणखी. आणि नेमकं याच दिवसांत एस्टर आणि फ्यूजेल अल्कोहोल तयार होतात, म्हणजे तुम्हाला येतोय तो फळाचा वास आणि ती गरमी. मग जोर ओसरला की उष्णता थांबते, बिअर हळूहळू हवेच्या तापमानाला येते, खरं तर तेव्हा ती थोडी उबदार हवी असते म्हणजे यीस्ट डायअसेटिल (तो लोण्यासारखा वास) साफ करतं. म्हणजे हवेवर भरवसा ठेवला की सुरुवातीला जास्त गरम आणि शेवटी जास्त थंड, दोन्हीकडून नुकसान.

प्रोब (थर्मामीटरचं वायरच्या टोकाचं, तापमान घेणारं टोक) कुठे लावायचा तर फर्मेंटरच्या बाहेरच्या भिंतीला, आत बिअर जिथपर्यंत आहे त्याच्या साधारण मध्यावर. वर फेस असतो त्या भागाला नको आणि फ्रिजच्या थंड पत्र्याकडच्या बाजूला पण नको. प्रोब भिंतीला पूर्ण टेकला पाहिजे आणि त्याच्यावर बबल रॅपच्या चार-पाच घड्या किंवा जाड फोमचा तुकडा ठेवून टेपने घट्ट बांधायचं. हे झाकण लोक टाळतात आणि सगळी गंमत तिथेच आहे, न झाकता लावलेला प्रोब अर्धी भिंत आणि अर्धी हवा मोजतो. नीट झाकला की आतल्या तापमानाच्या अर्ध्या ते एक डिग्रीच्या आत आकडा येतो, घरच्या कामाला भरपूर झालं.

थर्मोवेलबद्दल पण विचारलंय. ती स्टीलची एका टोकाला बंद नळी, झाकणातून किंवा बुचातून बिअरच्या मध्यापर्यंत जाते आणि प्रोब त्या नळीत कोरडा राहतो. बिअरचं खरं तापमान बघायला याच्यापेक्षा चांगलं काही नाही, नळीत थोडं पाणी टाकलं तर प्रोबला उष्णता पटकन पोचते. पण कंट्रोलर (प्रोबचा आकडा बघून फ्रिज चालू-बंद करणारं यंत्र) त्याच्यावर चालवायचा असेल तर एक अडचण आहे, कडेची बिअर आधी गार होते आणि मध्यापर्यंत ते कळायला वेळ लागतो, तोपर्यंत फ्रिज चालूच, मग तापमान ठरवलेल्या आकड्याच्या खाली घसरतं. म्हणून मला स्वतःला कंट्रोलरचा प्रोब बाहेर चिकटवलेला आवडतो आणि थर्मोवेलमध्ये दुसरा साधा थर्मामीटर, नुसता बघायला. प्रोब थेट बिअरमध्ये मात्र सोडू नका, स्वस्त प्रोबची वायर खाण्यापिण्यात बुडवायला बनवलेली नसते आणि ती स्वच्छ राहणं कठीण.

इंकबर्डसारखा कंट्रोलर असेल तर डिफरन्शियल, म्हणजे ठरवलेल्या आकड्यापासून तापमान किती हललं की फ्रिज चालू व्हायचा तो फरक, अर्धा ते एक डिग्री सेल्सिअस ठेवा आणि कॉम्प्रेसर डिले (बंद झालेला कॉम्प्रेसर परत चालू व्हायच्या आधीची सक्तीची थांबण्याची वेळ) शक्यतो कमी करू नका. प्रोब हवेत असला की हवा काही मिनिटांत गरम-थंड होते आणि कॉम्प्रेसर सारखा चालू-बंद होत राहतो, बिअरला मात्र एक डिग्री हलायला तास लागतात. तिकडे फॅरेनहाइटमध्ये सेट करत असाल तर लक्षात ठेवा, फरकाचा १ डिग्री सेल्सिअस म्हणजे १.८ फॅरेनहाइट, त्यात ३२ मिळवायचे नसतात.

बाकीच्या वस्तूंबद्दल थोडक्यात. चिकटवायची रंग बदलणारी पट्टी वाईट नाही, एक-दोन डिग्रीचा अंदाज देते. इन्फ्रारेड गन चकचकीत स्टीलवर फसवते, वर काळी टेप लावून तिच्यावर धरावी लागते. टिल्टसारखा तरंगता हायड्रोमीटर (बिअरची घनता मोजणारं उपकरण) तापमान सांगतो पण वरच्या थराचं, फर्मेंटेशन जोरात असताना बुडबुडे सगळं ढवळत असतात म्हणून चालतं, नंतर शांत झाल्यावर वर आणि खाली फरक पडतो.

आता अचूकपणा. बर्फ बारीक कुटून ग्लासात गच्च भरा, फटी भरतील इतकंच पाणी घाला, ढवळा, प्रोब मधोमध धरून दोन-तीन मिनिटं थांबा, ० यायला हवं. पाणी जास्त आणि बर्फ वर तरंगतोय असं करू नका, ४ डिग्रीचं पाणी सगळ्यात जड असतं, ते तळाशी बसतं आणि प्रोब चुकीचा आहे असं वाटतं. दुसरा बिंदू म्हणून उकळतं पाणी घेऊ नका, आपल्या कामापासून फार लांब आहे आणि उंचीप्रमाणे बदलतं, डेन्व्हरला पाणी ९५ च्या आसपासच उकळतं. त्यापेक्षा घरातला तापाचा थर्मामीटर घ्या, कोमट पाण्यात तो आणि प्रोब शेजारी धरा, ३७ च्या जवळ दोघांचे आकडे जुळतात का बघा. ० आणि ३७ दोन्हीकडे बरोबर असेल तर मधलं १८-२० बरोबर धरायला हरकत नाही. दोन्हीकडे सारखीच चूक असेल तर कंट्रोलरच्या कॅलिब्रेशनमध्ये तेवढी भरून टाका.

आणि यीस्ट टाकायच्या आधी वॉर्ट नीट ढवळून मोजा, १८ पर्यंत उतरल्यावरच टाका. २५ ला टाकून मग फ्रिज गार करत बसलात तर फर्मेंटेशन पळायला लागल्यावर फ्रिज मागे पडतो, डॅलसच्या उन्हाळ्यात गॅरेजमध्ये तर नक्कीच. पहिले तीन दिवस १८-१९ धरा, जोर ओसरला की २०-२१ करा.

भारतातून कोणी वाचत असेल तर, अमेरिकेत घरी पिण्यापुरती बिअर करायला १९७८ च्या कायद्याने मुभा आहे, दोन प्रौढ असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी करता येत नाही.

तुमचा फर्मेंटर प्लॅस्टिकची बादली आहे की काचेचा कार्बॉय (अरुंद तोंडाची मोठी बाटली) ते लिहिलं नाहीत. काच असेल तर फ्रिजमधल्या ओलाव्याने टेप सुटते आणि प्रोब लोंबकळत परत हवा मोजायला लागतो, त्यामुळे तिथे वेल्क्रोचा पट्टा किंवा बंजी कॉर्ड वापरा.