आधी साखर मोज

चि. डॉक्टर,

अनेक आशीर्वाद. बिहारमधल्या मुझफ्फरपूरहून आलेलं पत्र दोनदा वाचलं. 'चमकी'च्या, म्हणजे तिथल्या झटक्यांच्या मेंदूज्वराच्या, मुलांत विषाणू सापडत नाही, म्हणून तू प्रबंधाचा विषयच बदलायला निघालीस. आणि चौथ्या पानावर ओझरतं लिहितेस, आई म्हणाली, "रात को बिना खाए सो गया था." अगं, ती तुझी पहिली ओळ हवी होती!

मेंदूला सूज म्हणून दाखल होणाऱ्या यातल्या कित्येक मुलांच्या मेंदूला सूज नसते, साखर मिळालेली नसते. 2014 साली तिथे तपासलेल्या 390 मुलांपैकी 122 गेली. रक्तातली साखर मोजलेल्या 327 पैकी 204 जणांची 70 (मिग्रॅ/डेलि) किंवा त्याहून खाली, म्हणजे कमी होती. दिवसभर बागेत लिची खायची, रात्री उपाशी झोपायचं. कुपोषित पोराच्या यकृतात साठा तो कितीसा? तो पहाटेपर्यंत संपतो. चरबी जाळून आणि नवी साखर बनवून शरीर निभावून नेतं, तर लिचीतलं हायपोग्लायसिन हे विषारी द्रव्य नेमकं तेच अडवतं. म्हणून झटके पहाटे. पण खापर एकट्या लिचीवर फोडू नकोस. रात्री जेवून झोपलेली पोरंही लिची खातात.

तेव्हा आधी साखर मोज. पाठीतलं पाणी नंतर, सॅम्पल नंतर.

हे मी कोणत्या तोंडाने सांगतो? 2003 ला आपल्याकडे चांदीपुरा या मेंदूज्वराच्या विषाणूची साथ होती. ताप आणि झटके म्हटलं की आम्हाला विषाणूच दिसायचा. एका पाच वर्षांच्या मुलीचं रक्त पुण्याला पाठवायला मी बर्फाची पेटी शोधत फिरलो. साखर तासाभराने मोजली. 22. ती गेली. वॉर्डात चाळीस मुलं होती, ग्लुकोमीटर एक, पट्ट्या कपाटात कुलूपबंद. आधी मोजली असती तर वाचली असती, असं आजही कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण डेक्स्ट्रोजची, म्हणजे शिरेतून द्यायच्या साखरेच्या पाण्याची, बाटली माझ्या हाताशी होती. पट्टी नसतानाही देता आली असती.

विषय बदल, नाहीतर ठेव, तुझी मर्जी. एवढं मात्र आजच विचार: पहाटे तीनला पट्ट्यांच्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते? उत्तर मला कळव.

तुझा,
सर