शांतता आणि संघर्ष निराकरण हा विषय एमएला घ्यावा का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: बीए राज्यशास्त्र झालंय, एमएला शांतता, सुरक्षा आणि संघर्ष निराकरण घ्यायचं मनात आहे, इथे शिकावं की बाहेर जावं, आणि पुढे पोटापाण्याचं काय? शिवाय बाबा म्हणतात, भांडणं मिटवायला पदवी कशाला लागते! मी इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड विद्यापीठात याच विषयात एमए केलं आणि आता संस्थांच्या कार्यकर्त्यांना मध्यस्थीचं प्रशिक्षण देते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

विषय जरूर घे. पण जगात शांतता नांदावी एवढ्याच ओढीवर घेऊ नकोस. या विषयाचा गाभा फार नेमका आहे: हिंसा इथे झाली, मग शेजारी का नाही झाली?

आपल्या जवळचीच भिवंडी घे. यंत्रमागांचं गाव. १९७० आणि १९८४ मध्ये तिथे भीषण दंगली झाल्या. पहिल्या दंगलीच्या चौकशीला मादन आयोग नेमावा लागला. पुढे डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे ९०० माणसं गेली, आणि एवढ्या जवळची भिवंडी मात्र शांत राहिली. का? सहसा दिलं जाणारं उत्तर म्हणजे मोहल्ला समित्या. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी त्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांतली साधी माणसं आणि त्या भागातले पोलीस नियमित एकत्र बसायचे.

आता विद्यार्थी म्हणून तू इथे थांबायचं नाहीस. कुणी म्हणेल, धंद्यात हिंदू-मुसलमान एकमेकांवर अवलंबून होते म्हणून शांतता टिकली. पण धंदा तर १९८४ मध्येही होता, तेव्हा का नाही टिकली? कुणी म्हणेल, लोक आधीच्या दंगलींनी पोळले होते. पण १९७० ला पोळलेलेच लोक १९८४ ला होते. असं एकेक कारण तपासून बाजूला ठेवत जायचं, उरेल त्यावर पुरावा गोळा करायचा. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी उत्तर प्रदेशातलं अलीगढ आणि केरळमधलं कालिकत अशा शहरांच्या जोड्या लावून हेच केलं. दोन्हीकडे मुस्लीम लोकसंख्येचं प्रमाण साधारण सारखं, पण एक पुन्हा पुन्हा पेटतं आणि दुसरं नाही. त्यांच्या मते फरक पडतो तो व्यापारी संघ, कामगार संघटना, वाचनालयं अशा दोन्ही समाजांना एकत्र बांधणाऱ्या संस्थांमुळे. नुसत्या शेजारधर्मावर छोट्या गावात भागतं, शहरात नाही. आणि भिवंडीची गोष्ट तिथेही संपत नाही. २००६ मध्ये तिथेच पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून हिंसाचार झाला, दोन पोलीस मारले गेले. मधल्या काळात समित्यांचं काय झालं होतं? हा एकटा प्रश्न प्रबंधाला पुरेल.

वर्गात काय शिकवतात तेही विचारलंयस. नॉर्वेचे शांतता-अभ्यासक योहान गाल्टुंग यांच्यापासून सुरुवात होते. त्यांनी १९५९ मध्ये ऑस्लोत शांतता संशोधन संस्था सुरू केली. गोळीबार थांबला म्हणजे शांतता आली असं नाही, माणसाला उपाशी, अडाणी, अपमानित ठेवणारी रचनाही हिंसाच, ही त्यांची मांडणी. मग संशोधनपद्धती. इथे बरेच जण कंटाळतात, आणि मला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठाचा संघर्ष-माहितीचा प्रकल्प आहे. त्यांच्या व्याख्येत वर्षाला लढाईत किमान २५ मृत्यू झाले तर सशस्त्र संघर्ष, १,००० झाले तर युद्ध. आता गडचिरोलीतली ‘चकमकीत तिघे ठार’ ही बातमी घे आणि त्यांच्या तक्त्यात भर. तारीख कुठली, ठिकाण किती अचूक, दोन बाजू कोण, आकडा कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती, सर्वांत विश्वासार्ह कुठला? नक्षलवाद्यांनी पोलिसांचा खबरी ठरवून गावकऱ्याला मारलं असेल, तर ती नोंद चकमकीत जात नाही, निःशस्त्र नागरिकांवरच्या एकतर्फी हिंसेत जाते. एका ओळीच्या बातमीत किती राजकारण दडलेलं असतं ते असे तक्ते भरताना कळतं. माझी तर पेपर वाचायची सवयच बदलली.

सुरक्षेच्या भागात शस्त्रं, सीमा, गुप्तवार्ता येतं, आणि वाटाघाटींत उत्तर आयर्लंड बहुतेक सगळीकडे असतंच. तिथला संघर्ष मिटवणारा गुड फ्रायडे करार १० एप्रिल १९९८ चा, पण आयआरए या सशस्त्र संघटनेची शस्त्रं नष्ट झाल्याची खात्री तटस्थ आयोगाने दिली सप्टेंबर २००५ मध्ये. मधली सात वर्षं शस्त्रं आधी की सत्तेत वाटा आधी यावर सरकार बसत आणि कोसळत राहिलं. सही झाल्यानंतरच खरी कसोटी सुरू होते. बाबांना हे सांग.

त्यांना आपली तंटामुक्त गाव मोहीमही आठवेल, २००७ साली आर. आर. पाटील गृहमंत्री असताना सुरू झालेली. पुष्कळ बांधावरची भांडणं तिने कोर्टाबाहेर मिटवली. पण मारहाण झालेल्या बाईला किंवा दलित कुटुंबाला पंचांसमोर बसवून ‘मिटवून टाका’ म्हणणं ही तडजोड नव्हे, दडपण आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. कुठलं भांडण मध्यस्थीला द्यायचं आणि कुठलं न्यायालयातच न्यायचं, हे ओळखायला शिक्षण लागतं.

कुठे शिकायचं? देशात दिल्लीच्या जामिया मिलियाचं नेल्सन मंडेला केंद्र आणि टिसचा (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) गुवाहाटी परिसर आधी बघ. ईशान्य भारतात राहून हा विषय शिकण्याला तोड नाही. पुणे विद्यापीठाचा संरक्षण व सामरिक शास्त्र विभाग सुरक्षेकडे झुकलेला आहे. तुझा कल तिकडे असेल तरच. बाहेर ब्रॅडफर्ड (१९७३ पासून, क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या मंडळींच्या पुढाकाराने), उप्साला, बेलफास्टचं क्वीन्स. ब्रिटनमध्ये एमए एका वर्षात होतं, पण ते वर्ष श्वास घेऊ देत नाही.

पैशांचं आधी बघ. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला साधारण दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, रोटरीच्या शांतता फेलोशिपला त्याहून जास्त. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीला पात्र असशील तर जागतिक क्रमवारीची अट नीट वाच; या विषयात नावाजलेलं विद्यापीठ त्या यादीत असेलच असं नाही. त्यामुळे बीएनंतर थेट बाहेर जाण्यापेक्षा दोन-तीन वर्षं एखाद्या संस्थेत काम करून जा. वर्गातही अनुभव असलेल्यालाच जास्त मिळतं.

नोकरीबद्दल खरं सांगते: या पदवीच्या नावाने जाहिराती फारशा निघत नाहीत. संयुक्त राष्ट्रसंघाकडे डोळे लावून बसू नकोस. संशोधन संस्था, स्वयंसेवी संस्था, रेड क्रॉस, पत्रकारिता इथे वाव आहे. प्राध्यापकीसाठी नेटमध्ये ‘बौद्ध, जैन, गांधीवादी आणि शांतता अभ्यास’ असा स्वतंत्र विषय आहे, संरक्षण व सामरिक अभ्यासही आहे. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात सामुदायिक मध्यस्थीची तरतूद झालीय, तिकडे मला पुढे काम दिसतं. पण या सगळ्यांत एक जोडकौशल्य हवंच: आकडेवारी, कायदा किंवा एखादी भाषा. गडचिरोलीत काम करायचं तर गोंडी शिक, इंग्रजीवर तिथे काही चालणार नाही.

अर्ज भरण्याआधी एक कर. तुझ्या तालुक्यातला एक जुना वाद निवड, पाण्याचा, गायरानाचा, मिरवणुकीच्या वाटेचा, कुठलाही. दोन्ही बाजूंच्या माणसांना भेट, जुने पेपर काढ, आणि तो कधी चिघळला, कधी निवळला ते चार-पाच पानांत लिही. अर्जासोबतच्या निवेदनात तेच वापरता येईल. लिहून झालं की इथे टाक, मी वाचून सांगेन.